मागाहून आलेली टाळी

शनिवारी शर्वरी माहेरी मिरजेला आली आणि आईबरोबर नातेवाइकांकडे जायला निघाली. पण आई कुठेच टिकेना. कुंदामावशीकडे चहा संपायच्या आत ती उठली. मामांकडे तर सगळे खो खो हसत असताना मध्येच म्हणाली, "चल गं, निघू या." रिक्षात शर्वरी वैतागली. "आई, एवढी कसली घाई?" आई रस्त्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी गाण्याची मैफल होती. अगदी पुढे बसूनही आईची चुळबुळ थांबेना. गायिका समेवर आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने आधी शेजारच्या बाईंचे हात पाहिले आणि मग टाळी वाजवली. पुढच्या वेळीही तसंच. शर्वरी गाणं सोडून आईकडेच बघू लागली.

बाहेर पडताना तिने मागून दोनदा हाक मारली. आई चालतच राहिली. शर्वरी धावत समोर गेली.

"कधीपासून ऐकू येत नाही तुला?"

आईने तिचे ओठ निरखले. "दिवाळीपासून. हळूहळू कमीच होत गेलं. सांगितलं असतं, तर तू मला गाण्याला आणलं नसतंस."

रविवारी दोघी घरीच थांबल्या. शर्वरीने कपाटातली एक विनोदी कादंबरी काढली आणि आईला चिकटून बसली. दोघी एकच पान वाचू लागल्या. पान संपलं की आई लेकीकडे बघायची, तिने मान हलवली की उलटायची.

तिसऱ्या पानावर दोघी एकदमच हसल्या.