कौलाला लागलेला उशीर

दशरथने आधी पंखा बंद केला. काल कौल डावा पडला होता, तो पंख्याच्या वाऱ्याने, असे त्याने रात्रीतून ठरवून टाकले होते. मग गावाहून आणलेला रवळनाथाचा पाषाण त्याने ताम्हनात उभा केला आणि मागे न पाहता हात पुढे केला. प्रेमाने त्या हातावर वाटी ठेवली. वाटीत तगरीच्या दोन पाकळ्या भिजत होत्या. पाणी किंचित गढूळ होते, पण भांडुपच्या त्या टेकडीवर नळाला हल्ली गढूळच पाणी येई.

एक पाकळी त्याने पाषाणाच्या उजव्या अंगाला चिकटवली, एक डाव्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मग त्याने हात जोडून गाऱ्हाणे सुरू केले.

"बा देवा रवळनाथा, आज नव्वा येतलो असलो तर उजवी दी रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला साथ द्यावी लागते. प्रेमा स्टोव्हपाशी बसून होती. धुराने आलेला खोकला दाबून ती म्हणाली, "व्हय म्हाराजा."

शर्टाच्या खिशात गॅसच्या डिपॉझिटचे पैसे होते. कित्येक वर्षे वाट पाहिल्यावर कनेक्शनची पाळी आली होती आणि उद्या सकाळी एजन्सीत पैसे भरायचे होते. पण एजन्सीकडून आलेल्या पत्रावरच्या नंबराच्या शेवटी नऊ होता. सकाळी ज्या बसला तो लोंबकळला, तिच्या पाटीवरही नऊ होता. शिवाय कितीतरी दिवसांत मटक्यात नव्वा फुटलाच नव्हता, म्हणजे आता त्याला यावेच लागणार होते. काल तर अठ्ठा आला. अगदी एका घराने हुकले. इतक्या जवळ आल्यावर मागे फिरणे म्हणजे शुद्ध करंटेपणा.

"देवाला विचारल्याशिवाय मी एक पैसा लावत नाही," तो म्हणाला. "लोक आंधळेपणाने लावतात, म्हणून बुडतात."

"आणि डावा पडला तर?"

"तर पुन्हा विचारायचं. देव काय एकदाच बोलतो?"

डाव्या कौलाने तो आजवर कधी थांबला नव्हता, हे प्रेमाइतके कोणाला ठाऊक असणार?

पाकळ्या मात्र हलल्या नाहीत. दशरथ मांडी बदलून बसला. एरवी पाणी सुकले की त्या गळत. आज उजवीही पडेना आणि डावीही. खाली नाक्यावर काशीराम टपरीच्या मागे आकडे घेई, पण गल्लीतला दिवा लागला की कोणाचेही घेत नसे. दारातून दिसणारे ऊन समोरच्या पत्र्यांवरून उतरले, मग भिंतीवरूनही गेले.

"बोट लावू काय जरासं?"

"लावा. मग तो कौल देवाचा की तुमचा, एवढं सांगा."

त्याने पुढे केलेले बोट मागे घेतले. आकड्यांच्या या खेळात तेवढा एक नियम त्याने पाळला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

गल्लीतला दिवा लागला. दशरथ तटकन उठला, चपलेत पाय घालून दारापर्यंत गेला आणि थांबला. मग चपला काढून परत येऊन बसला.

"वाट लागली," तो पुटपुटला. "आजच नेमका."

प्रेमाने स्टोव्हवर भात ठेवला. तो शिजून उतरला. मग शेजारचा भीमराज जिन्यावरून येताना ऐकू आला, आणि कोणीतरी त्याला विचारले, "काय फुटलं रे?"

प्रेमाचा हात पातेल्यावरच्या झाकणीवर थबकला.

"दुरी," भीमराज म्हणाला. "सगळ्यांचा बाजार उठला."

प्रेमाने झाकणी हलकेच खाली ठेवली.

नव्वा नव्हे, अठ्ठाही नव्हे, थेट दोनाची दुरी. दशरथच्या कोणत्याच हिशेबात दुरी नव्हती. खिशातले पैसे अजून खिशातच होते, आणि ते आहेत एवढ्याने त्याचे डोळे भरून आले. आज देवाने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. त्याने नुसते बसवून ठेवले. पाषाणावर डोके टेकवावे म्हणून तो वाकला.

पाषाणावरून मुंग्यांची एक रांग चालली होती. ताम्हनाच्या काठावरून ती वर चढे आणि पाकळीपाशी येऊन दाट होई. दशरथने पाषाणाला बोट लावले. बोट चिकटले. त्याने ते जिभेवर ठेवले.

मोरीजवळ वाटी पालथी घातलेली होती. प्रेमा पाठमोरी होती आणि धुतलेलेच पातेले पुन्हा घासत होती.

त्याने मुंग्या एकेक करून फुंकरीने बाजूला केल्या. खिशातले पैसे काढून ताम्हनाखाली सरकवले. मग दोन्ही हात जोडले आणि नेहमीच्या गाऱ्हाण्याच्या सुरात म्हणाला,

"बा देवा रवळनाथा, उद्या वाटीत गूळ जरा जास्त पडू दी रे म्हाराजा."

पातेले घासण्याचा आवाज थांबला. पाठ न वळवताच प्रेमा म्हणाली,

"व्हय म्हाराजा."