मूग-मसूर एकच माना

मयुरीचे गाईड नेरकर सर वर्षानुवर्षं ठासून सांगायचे: कोष्टकाचे दोन रकाने एका ओळीत सारखे निघाले की प्रत्येक ओळीत सारखेच निघतात, हा आबेली गुण, आणि दोन घटक एकच मानले तरी तो मोडत नाही. तिची पीएचडी त्यांच्या सहीवर अडलेली, तरी धुळ्याच्या चर्चासत्रात ती म्हणाली, “सर, मोडतो.” जळगावच्या डाळमिलशेजारी वाढलेल्या पोरीने पाच डाळींचं कोष्टक टेबलावर मांडलं: ओळी-रकान्यांना डाळींची नावं, घराघरात एकेक डाळ. सरांनी एकेक घर तपासलं. गुण शाबूत होता. “आता मूग आणि मसूर एकच माना,” म्हणत तिने दोन्ही मिसळल्या. मुगाच्या ओळीत जिथे मूग आणि मसूर होते, ते दोन रकाने सारखे झाले. हरभऱ्याच्या ओळीत त्याच रकान्यांत तूर आणि उडीद वेगळेच. जन्मभर पुस्तकी मराठी बोललेल्या सरांनी फळ्यावरचा आपला सिद्धांत तळहाताने पुसला. “पोरी,” तिचं सगळं मान्य करत ते घरच्या अहिराणीत हसले, “तुनं बठ्ठं खरं शे.”