कापश्या आणि मखमली सोफा

सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, पण आमच्या कापश्यासारखा स्वच्छ कुत्रा अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नाही. धानाच्या बांधीतून आला की दारातल्या पोत्यावर चारही पाय पुसतो, मागचे तर दोनदा. मग अंगणात जाऊन अंग झटकतो, तेही वारा कुठून येतो ते पाहून. घरात आला की सोफ्याकडे पाठ करून बसतो, उगाच मोह नको म्हणून.

हे सगळं मी माझ्या बायकोला, दुर्पताला, समजावून सांगत होतो. आमच्या रूपेशनं गोंदियाहून मरून रंगाच्या मखमलीचा सोफा आणला, त्याच दिवशी तिनं बजावलं होतं, "यावर एक जरी केस दिसला, तर कुत्रं माह्या बहिणीकडे, दवनीवाड्याले!"

आता तिनं सोफ्यावरून ओला हात फिरवला, आणि मूठभर पांढरे केस गोळा करून माझ्या नाकासमोर धरले. कापश्या माझ्या पायांमागे श्वास रोखून बसला.

"हे कोनाचे केस?"

"माहेच," मी शांतपणे म्हणालो. "वय झालं ना, गळून राहिले."

 

"तुमचे? अवो, आपल्या लग्नातच बाशिंग तुमच्या टकल्यावरून घसरून राहिलं होतं!"