भरवशाचा उस्ता

नवं स्वयंपाकघर बांधायला भरवशाचा उस्ता, म्हणजे गवंडी, हवा होता, म्हणून शेजारच्या होसियत आपांना विचारलं.

"डोळे झाकून तुलकुन उस्ताला बोलाव, बोतिर. माणूस घड्याळासारखा! आमचं कोठार बघता बघता उभं करून मोकळा झाला. शेवटच्या दिवशी तर जेवायलाही थांबला नाही बिचारा."

त्याला काम दिलं तेव्हा तुतीला पालवी फुटत होती. आता द्राक्षं पिकली, तरी स्वयंपाकघराला छप्पर नाही. कामावरच्या माणसांना दुपारी घरधन्यानेच जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत. माझी बायको मावलुदा अंगणातल्या चुलीवर रोज कढईभर पुलाव करायची. तो फस्त करून उस्ता जर्दाळूच्या सावलीत आडवा व्हायचा आणि उठला की चहा भुरकत म्हणायचा, "वहिनी, उद्या खिमा भरून वाफवलेली मंती करता का? छपराचं काय, होतंय की!"

काल मावलुदा माहेरी गेली. होसियत आपांनी मोठ्या प्रेमाने पातेलंभर शोरबा पाठवला. उस्ताने एक घोट घेतला, चमचा हळूच खाली ठेवला आणि मला विचारलं, "वहिनी कधी येणार?"

"आठवडा तरी लागेल. तोवर जेवण आपाच पाठवणार आहेत."

उस्ता ताडकन उठला. "चढा रे वर सगळे! छप्पर आजच घालायचं!"

दिवेलागणीला होसियत आपा भिंतीवरून डोकावल्या. नव्या छपराकडे बघून त्यांचा ऊर भरून आला.


"बघ! म्हटलं नव्हतं, माणूस घड्याळासारखा आहे?"