तिसरा कोर्स

स्कूबाचे दोन कोर्स झाले होते. तिसरा, पाण्याखाली दुसऱ्याचा जीव वाचवायला शिकवणारा, करावा की नाही, इथे माझं घोडं आठवडाभर अडलं होतं. शेवटी सरांकडेच गेले. ते नळाखाली मास्क धूत होते.

“सर, हौस म्हणून वर्षातून दोनदा खाली जाते मी. मला कशाला हवा हा कोर्स? आणि तुम्ही असताच की सोबत.”

त्यांनी नळ बंद केला. “मागच्या खेपेला खाली मी तुझा हात धरला, तो थेट वर येईपर्यंत सोडला नाही. आठवतं?”

“हो. मी घाबरलेय असं वाटलं असेल तुम्हाला.”

सरांनी ओले हात पुसले. कोर्सचा फॉर्म माझ्यापुढे ठेवत ते म्हणाले,

“मला काही दिसेनासं झालं होतं.”