उजव्या खुर्चीतून

"मिनिमम!" उजव्या खुर्चीतून ती म्हणाली.

म्हणजे आता धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाहीतर तसंच वर निघून जायचं. काचेपलीकडे नुसतं पांढरं धुकं. विमान खोटं होतं, बंद खोलीसारखं, डुलणारं एक यंत्र. पण पाठीशी बसलेला परीक्षक खरा होता आणि परदेशातली ही नोकरीही खरी.

डावीकडे काका विमान चालवत होते. सकाळी कॅन्टीनमध्ये तिचं फोनवरचं मराठी ऐकून आपणहून टेबलाशी आले होते. त्यांची जुनी कंपनी बुडालेली, केस पिकलेले. तेही तिच्यासारखेच परीक्षेला. तिचे उड्डाणाचे तास ऐकून खो खो हसले होते. "अगं, एवढे तास तर मी धावपट्टीवर नंबर लागायची वाट बघण्यात घालवलेत! घाबरू नकोस. मी घेतो सांभाळून."

आता काका काचेकडेच बघत होते. विमान खाली चाललंच होतं.

"काका, मिनिमम."

"हं. दिसेल आत्ता."

शेजारचा ऐकत नसेल तर विमान आपल्या हातात घ्यायचं, हा नियम. घेतलं, की काकांची परीक्षा तिथेच संपली. नाही घेतलं, तर तिची. मोठ्यांच्या हातातलं काम असं ओढून घ्यायचं? तिने हात उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. मागे परीक्षकाच्या पेनाची खरखर थांबली.

"काका, वर घ्या. गो-अराउंड!"

"थांब गं जरा!"

उंचीचे आकडे भराभर उतरत होते. काचेपलीकडे अजूनही धुकंच.

"कंट्रोल माझ्याकडे!" तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. इंजिनांच्या दांड्यांवर काकांचा हात घट्ट होता. तिने त्या हातासकट दांड्या पुढे रेटल्या. खोली मागे कलली, नाक वर उचललं गेलं.

परीक्षकाने यंत्र थांबवलं, दिवे लावले. तिला त्याने खुणेनेच बाहेर जायला सांगितलं; काकांना बसून राहायला.

पट्टा सोडून ती उठली. "काका, मी…"

त्यांनी मान वळवली नाही. काचेपलीकडचा पडदा बंद होऊन काळाठिक्कर पडला होता. त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत ते हळूच म्हणाले,

"मला दिसत होती गं धावपट्टी."