कूलरची जाहिरात

सत्य आपल्या बाजूला असलं की माणूस जगाशी एकटा लढू शकतो, असं हेमराजचं ठाम मत होतं. सध्या त्याच्या बाजूला फक्त बायको होती, आणि तीही जाहिरात बंद करा म्हणत होती.

दोन हजार सातचा एप्रिल. वर्ध्यातल्या आपल्या कूलरच्या दुकानाची जाहिरात त्याने इंटरनेटवर दिली होती. तिच्यावर कोणी क्लिक केलं की पैसे याचे कापले जात. क्लिक दिवसभर होत, गिऱ्हाईक मात्र फिरकत नसे. असंच चाललं तर उन्हाळा संपायच्या आत दुकान बसणार होतं. तक्रार केल्यावर जाहिरात कंपनीकडून उत्तर आलं : सगळे क्लिक तुमच्याच दुकानातून होत आहेत.

हेमराजने माऊस उपटून कपाटात कोंडला.

कपाटातून टक्‌टक् येऊ लागली.

"अहो, करा नं बंद," ज्योत्स्ना कुजबुजली.

"काऊन करू? दुकान माह्यं, जाहिरात माही. जो दाबून राह्यला, त्यानं भ्यावं."

त्याने कॉम्प्युटरचीही वायर ओढली. पडदा काळा झाला. टक्‌टक् चालूच. हेमराज कपाटासमोर खुर्ची टाकून बसला. "दाब लेका! पाहू कोन थकते."

ज्योत्स्ना कपाटाकडे पाहतच नव्हती. खुर्चीच्या हातावर हेमराजचं बोट त्याच तालात खालीवर होत होतं.

त्याने तो हात मांडीखाली दाबून धरला. "तरी जाहिरात बंद होनार नाई," तो म्हणाला.

कपाटात टक्‌टक् चालू होती. कूलर एकही विकला गेला नव्हता.